डिकीतला पाट

परवा मुलुंडहून मेहुण्याचा फोन आला. दोन एसयूव्हींमध्ये त्याचा जीव अडकला होता.

"एकीला सनरूफ, दुसरीला मायलेज. बायको एकीकडे, पोरगी दुसरीकडे. तू सांग यार, तुला कळतं यातलं."

"तुमच्याकडे गाडीत सगळ्यात शेवटी कोण बसतं?"

"म्हणजे?"

"सगळे बसले की ज्याला हात देऊन चढवावं लागतं, तो माणूस. त्याला शोरूममध्ये ने. जिच्यात तो आपला आपण चढेल, ती घे."

"झकास बोललास रे," तो म्हणाला. "बाबांना नेतो रविवारी."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ बाल्कनीत उभा राहिलो. वाक्य माझं नव्हतं. ज्यांचं होतं त्यांना मी खोटं सांगितलं होतं, तेही पुन्हा पुन्हा. त्यांना ते कळलंही होतं. आता ते नाहीत, त्यामुळे माफी मागायचीही सोय उरलेली नाही.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत आमची पंप बनवणारी कंपनी होती. मी स्टोअर्समध्ये, ते खरेदी खात्याचे साहेब. समोर सगळे त्यांना साहेबच म्हणत, पाठीमागे 'कंपेअर'. "कंपेअर आज कँटीनमध्ये आहे, वडा खायचा असेल तर आत्ताच खा," असे निरोप फिरत. कारण साहेब कँटीनमध्ये आले की दोन वडे मागवत, एक आपला आणि एक गेटबाहेरच्या गाडीवरचा. एका ताटलीत शेजारी शेजारी ठेवून एकदा याचा घास, एकदा त्याचा. कँटीनवाल्याचं तोंड उतरायचं. साहेब निकाल मात्र कधी द्यायचे नाहीत. रुमालाने बोटं पुसत एवढंच म्हणायचे, "दोन्ही खाल्ल्याशिवाय एकही खाल्ला असं होत नाही."

पुरवठादारांची कोटेशनं आली की ते ती न वाचता ड्रॉवरमध्ये टाकत आणि माल मागवून घेत. टेबलावर दोन बोल्ट शेजारी शेजारी उभे करून आठवडाभर ठेवत. येता-जाता बघत, पावसाळी हवेत खिडकी उघडी टाकत. गंज कुणाला आधी धरतो ते बघायचं. "कागदावर सगळेच सज्जन असतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

लग्नाची गोष्ट ते स्वतःच सांगत. "मी मुलगी बघायला गेलो, तर तिनेच मला कंपेअर केलं. दोन स्थळं होती. मी दुसरा. तिने दोघांनाही विचारलं, घरात पाणी कोण भरतं? तो म्हणाला, आई. मी म्हणालो, मी. झालं."

पार्ल्याच्या जुन्या इमारतीत त्यांचं घर होतं. बायको आम्ही ओळखायला लागलो त्याच्या आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बोलणं स्वच्छ, जरा पुस्तकी. माझं मालवणी वळण ऐकून मला चिडवत, "काय रे दर्यावर्दी!" स्वतःकडे गाडी कधीच नव्हती, चालवताही येत नव्हती. पण कंपनीत कुणी गाडी घ्यायला निघालं की साहेबांना बरोबर नेई. काही जण खरंच सल्ल्यासाठी नेत, बरेचसे गंमत बघायला.

मीही त्यांना नेलं तेव्हा साहेब रिटायर होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही बोरिवलीत. मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि आई. वडील गिरणीत होते. गिरणी गेली, मग तेही गेले. आईचा उजवा गुडघा कामातून गेला होता. गावी जाणं तिने बंद केलं होतं. एसटीची पायरी झेपत नव्हती, रेल्वेच्या डब्याची त्याहून नाही. तिची एकच इच्छा होती, थंडीत गावच्या देवीची जत्रा असते, तिथे एकदा आपल्या हाताने देवीची ओटी भरायची. "मगे डोळे मिटले तरी चलतीत," असं ती म्हणायची. हे ऐकलं की बायको ओरडायची, "असं काय बोलता हो आई!" 

जत्रेच्या आधी गाडी घ्यायची, आईला तिच्यातूनच न्यायचं, असं ठरलं. साहेबांना मी हे सगळं सांगितलं. गुडघ्याचंही.

लिंक रोडवर दोन शोरूम जवळजवळ होती. एकीकडची पांढरी, दुसरीकडची निळी. पांढरी जरा बसकी, दारं रुंद उघडणारी, दिसायला अगदी साधी. निळी उंच. छपरातून आकाश दिसणारी, समोर मोठा पडदा, नाक वर केलेली.

साहेब कापडी पिशवी घेऊन आले होते. त्यांनी आतून घरचा कुकर, छत्री आणि एक नारळ काढला. कुकर डिकीत ठेवला, छत्री दाराच्या खणात, आणि नारळ डिकीच्या तळावर मोकळा सोडला.

सेल्समन धावत आला. "सर, पूजा तो डिलिव्हरी के दिन होती है."

"पूजा नाही, परीक्षा आहे," साहेब म्हणाले. "गाडी वळली की हा कुठे जातो ते बघायचंय. तुम्ही चालवा."

चाचणी फेरीत ते मागे मधोमध बसले, माझी बायको एका बाजूला, मुलगी दुसऱ्या. "मधल्याला कुणी विचारत नाही," म्हणत डोळे मिटून घेतले. निळीच्या डिकीत नारळ गडगडला तसे एक डोळा उघडून म्हणाले, "ऐका." मुलगी हसून हसून बेजार. दोन्ही गाड्यांत एवढं झालं, पण कुठली चांगली हे त्यांनी सांगितलं नाही.

बाहेर टपरीवर चहा घेताना मी म्हटलं, "साहेब, निळी भारी आहे ना?"

"आहे."

"मग?"

"आईंना आण. त्या जिच्यात आपल्या आपण चढतील ती घे. बाकीचं सगळं शोभेचं."

"या दोघी निळीच्या मागे लागल्यात हो," मी म्हटलं.

साहेबांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे न बघता बोलायला लागले. आजारपणाच्या शेवटी त्यांच्या बायकोला दवाखान्यात न्यायला चुलतभावाची मोठी गाडी आली होती. तिला चढता येईना. खाली माणसं जमली. शेवटी दोन वॉचमननी तिला उचलून आत घातलं, पोतं घालतात तसं. "गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, आता पुन्हा न्यायचं असेल तर मला आडवीच न्या. त्यानंतर ती घराबाहेर पडली नाही. पडली ती आडवीच." कप उचलून उरलेला चहा त्यांनी प्यायला. "म्हणून म्हणतो, गाडीची उंची गुडघ्यात मोजावी."

हे ऐकल्यावर तरी मी शहाणा व्हायला हवा होतो.

इथे एक गोष्ट कबूल करतो. बायको आणि मुलगी निळीच्या मागे लागल्या होत्या हे खोटं. मुलीला सनरूफ आवडलं होतं, पण दोन दिवसांत ती ते विसरलीही. बायको तर म्हणाली होती, "पांढरी घे ना, आईंना बरं पडेल." निळी मला हवी होती. चाळीत वाढलो, पन्नाशीपर्यंत दुचाकीवर. पावसात बसच्या चाकांचं पाणी अंगावर घेतलं. मला एकदा उंचावर बसायचं होतं. सिग्नलला शेजारच्या गाडीत वरून खाली बघायचं होतं. एवढंच. याच्यापेक्षा मोठं कारण असतं तर निदान सांगायला बरं वाटलं असतं.

आईला मी शोरूममध्ये नेलं नाही. नेलं असतं तर निकाल लागला असता, आणि तो मला नको होता.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. "आईंना नेलंस?"

"हो, कालच नेलं. दोन्हींत बसली. निळीच आवडली तिला."

"असं? मागे बसल्या ना? डावीकडच्या दाराने?"

"हो."

"कुठला पाय आधी आत टाकला?"

मी गडबडलो. "उजवा."

 पलीकडून "हं," आणि फोन बंद.

आईचा उजवा गुडघा वाकत नव्हता, हे त्यांना मीच सांगितलं होतं. फोन हातात धरून तसाच बसलो. परत लावावा, खरं सांगावं, असं मनात आलं. पण बुकिंगची रक्कम भरून झाली होती.

गाडी आली. आईने गेटवरच ओवाळलं, चाकाला हळद-कुंकू लावलं. "बस ना गो आजी," मुलीने म्हटलं. आई गाडीच्या पायरीकडे बघून म्हणाली, "मगे बसतंय. जत्रेक जाताना." मी ते ऐकलं आणि सुटल्यासारखं वाटलं.

जत्रेला निघायचा दिवस. सकाळी सामान भरून गाडी गेटपाशी लावली. आई नवं लुगडं नेसून उतरली, ओटीचं सामान छातीशी धरलेलं. डावं दार उघडलं. तिने दाराची कड धरली, डावा पाय उचलायचा प्रयत्न केला, तर सगळा भार उजव्या गुडघ्यावर. ती कळवळली. पुन्हा प्रयत्न. पहिल्या मजल्यावरचे काका गॅलरीत दात घासत उभे होते. दूधवाला थांबला. सोसायटीचे सेक्रेटरी फेरी सोडून जवळ आले, "उचलू का?"

"हात लाव नको कोणी," आई म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

तेवढ्यात गेटमधून साहेब आले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. एवढ्या सकाळी पार्ल्याहून कसे आले, निघायची वेळ कुणी सांगितली, मला कळेना. नंतर कळलं, मुलीला विचारलं होतं त्यांनी. त्यांनी कागद सोडला. आत एक लाकडी पाट होता, चौरंगाहून बुटका, जेवायच्या पाटाहून उंच, खाली रबर ठोकलेलं. मरोळच्या ओळखीच्या सुताराकडून करून घेतला होता. गाडीच्या दारापाशी तो ठेवून ते बाजूला झाले.

आईने पाटाकडे बघितलं. "पाटार पाय कसो देवचो?"

"हा जेवायचा नाही, चढायचा आहे," साहेब म्हणाले.

आईने तरी वाकून त्याला हात लावला, तो कपाळाला लावला. मग उजवा हात आमच्या मुलीच्या खांद्यावर, डावा पाय पाटावर, उजवा ओढून घेतला. वरची दांडी धरली आणि बसली. आपली आपण. गॅलरीतल्या काकांनी टाळी वाजवली.

त्या टाळीने माझ्या अंगाची आग झाली. नव्याकोऱ्या गाडीला पाट लागतो, हे सगळ्या सोसायटीने बघितलं होतं. आणि ज्याला मी खोटं सांगितलं, त्यानेच मला सोडवलं होतं, तेही एक शब्द न बोलता. दोन बोलला असता तर मला सोसलं असतं.

साहेब पाट उचलून डिकीकडे निघाले. मी आडवा आलो. "डिकीत जागा नाही, साहेब."

"आहे रे. बघतो."

"नाही हो. खच्चून भरलीय. आणि तिथे आहेत माणसं उतरवायला."

 त्यांनी पाट वॉचमनच्या केबिनला टेकवून ठेवला आणि आईला हात जोडले. आईने काचेआडून जोडले. गाडी निघाली.

पेणच्या पुढे आम्ही नाश्त्याला थांबलो. "आई, उतरतेस?" "नको. तुमी खावन येवा." बायकोने चहा आणून दिला. आईने हातात घेतला आणि थोड्या वेळाने न पिता परत केला. महाडच्या पुढे पुन्हा थांबलो. ऊन चढलं होतं. मुलगी मागून म्हणाली, "बाबा, आजीची बाटली भरलेलीच आहे. सकाळपासून एक घोट नाही घेतला तिने."

"आई, पाणी पी."

"तान नाय माका."

मी आरशात बघितलं. ओठ सुकले होते. ती खिडकीबाहेर बघत होती. मला समजलं होतं. पाणी प्यायलं तर उतरावं लागेल. उतरलं तर चढावं लागेल, आणि पाट बोरिवलीत होता. हॉटेलसमोर माणसं बसलेली, कुणीतरी उचलायला येणार. म्हणून ती तहानेवर बसली होती. बायकोलाही समजलं असावं, ती मला हळूच म्हणाली, "तो पाट घेतला असता तर?" मी आवाज चढवून म्हणालो, "आता काय मागे जाऊ?"  घाटात वळणावर वळणं येत होती. मी आरशात बघायचं टाळत होतो आणि दर वळणावर बघत होतो.

संध्याकाळी गावच्या घरासमोर माझ्या चुलतभावाने प्लास्टिकची खुर्ची लावली. आईने त्यावर पाय ठेवला, खाली आली, अंगणात दोन पावलं चालली आणि तुळशीपाशी कोसळली.

तालुक्याच्या दवाखान्यात सलाइन लावलं. पाणी कमी पडलंय, लघवीचा संसर्ग होतोय, वय आहे, दोन दिवस इथेच राहू दे, असं डॉक्टरीण म्हणाली. "प्रवासात पाणी का नाही दिलं?" असं तिने माझ्याकडे बघून विचारलं. मी फाइल वाचत असल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी जत्रा होती. आईने आणलेल्या सामानातून बायकोने ओटी भरली आणि प्रसाद घेऊन दवाखान्यात आली.

"भरलंस?" आईने विचारलं.

"भरली, आई. तुमच्या नावाने."

"बरा झाला." एवढं बोलून तिने भिंतीकडे तोंड केलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. मी काही बोललो असतो तर कदाचित तिने ऐकलं असतं.

आई परतली ती चुलतभावाबरोबर, पंधरवड्याने, रेल्वेने. स्टेशनात त्याने तिला व्हीलचेअरवरून नेलं, डब्यात हमालाने हात देऊन चढवलं.

त्यानंतरच्या एका रविवारी मी गाडी पुसायला खाली उतरलो. वॉचमनच्या केबिनच्या सावलीत साहेब बसले होते, गुडघे वर आलेले, मांडीवर कापडी पिशवी.

"साहेब! वर या ना. इथे कशाला बसलात?"

"लिफ्ट बंद आहे म्हणाला हा. दम खातो जरा. आई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"जत्रा झाली? ओटी भरली त्यांनी?"

"हो. झकास झालं सगळं."

"आणि पाट? उतरायला-चढायला तिकडे अडचण झाली असेल. मागून कुणाबरोबर मागवून घेतलास का?"

आता यात खोटं बोलायची काय गरज होती? पण तोंडाला सवय झाली होती. "हो हो. गावाकडे येणारा एक जण होता, त्याच्या हाती मागवला. फार उपयोग झाला, साहेब. आई तर तुमचं नाव काढते."

"बरं झालं," साहेब म्हणाले आणि केबिनची कड धरून उभे राहिले.

ते ज्याच्यावर बसले होते तो पाट होता. रबर लावलेला, सागवानी, बाजूला आमच्या वॉचमनच्या चहाचे डाग पडलेला.

मी बघितला. मी बघितला हे त्यांनी बघितलं. वॉचमन खाली मान घालून रजिस्टरात काहीतरी लिहायला लागला. ओरडावं, हसावं, काहीतरी करावं यांनी, असं मला वाटत राहिलं. साहेबांनी वाकून पाट उचलला, धोतराने पुसावा तसा शर्टाच्या टोकाने पुसला.

"डिकी उघड."

मी उघडली. आत पाना, जॅक, एक सतरंजी. त्यांनी पाट आडवा ठेवून बघितला, मग उभा, मग कोपऱ्यात सरकवला. निघायच्या दिवशी मागच्या काचेतून दिसलेल्या पिशव्यांची, डब्यांची जागा त्यांना पाठ असल्यासारखी ते हाताने हवेत दाखवत गेले: इथे ती मोठी बॅग, इथे तांदूळ, इथे टोप. "बसतो," ते म्हणाले. "सगळं ठेवूनही बसतो." डिकी त्यांनीच लावली, हळूच, आवाज न करता.

"वर चला ना, साहेब. आई भेटेल."

"नको. त्यांनी काही विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही." आणि गेटकडे वळता वळता, जुन्या सवयीने, "येतो रे दर्यावर्दी."

आले नाहीत. मी गेलो नाही. पार्ल्यावरून जाताना त्यांच्या रस्त्याला गाडी घालायचो आणि वळवायचो. मग एका संध्याकाळी जुन्या ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते गेल्याची बातमी आली. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली, कुणीतरी वड्याची आठवण लिहिली. मी काही लिहिलं नाही.

पाट अजून डिकीत आहे. गाडी वळली की सरकतो, ठक्‌ करून आपटतो. "काढ ना तो," बायको म्हणते. आई त्या गाडीत परत बसलेली नाही. दवाखान्यात जायचं तर रिक्षा सांगते, म्हणते रिक्षा कशी जमिनीला धरून असते.

पण आल्यागेल्याला जत्रेची गोष्ट मात्र सांगते. साहेबांचं नाव तिला कधी नीट आलं नाही, 'पार्ल्याचे ते' म्हणते. पार्ल्याचे ते पाट घेऊन आले, मी चढलंय आपली आपण, सगळ्यांनी टाळ्यो मारल्यो. मग ऐकणारा विचारतो, मग तो पाट बरोबर का नाही नेला? तेव्हा ती माझ्या पाठीवर हात ठेवते आणि माझी बाजू घेते.

"इसारलो तो. निघताना गडबड किती आसता. इसारलो."

मी दरवेळी मान हलवतो. विसरलो नव्हतो, आई.